बायोप्सीनंतर फुप्फुस आकसलं तर? एका लेकीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा ६७ वर्षांचे, बेस्टमधून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं बिडी ओढली, दहा वर्षांपूर्वी सोडली. खोकला लांबला म्हणून सीटी काढला, तर उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ११ मिलिमीटरची गाठ दिसली. तीन महिन्यांनी पुन्हा सीटी केला, ती १४ मिलिमीटरची झाली होती. रिपोर्टात ‘एम्फिसीमा’ हाही शब्द आहे. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय, रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी चालू आहे. परळच्या एका रुग्णालयात सीटी गायडेड बायोप्सी ठरली आणि संमतीपत्रावर ‘चारातल्या एका रुग्णाचं फुप्फुस कोलॅप्स होऊ शकतं’ हे वाचून घरातले सगळे हबकले. शेजारचे काका सांगतात, सुई लावली की गाठ पसरते. घर बदलापूरला, आत्या दादरला. पंधरा दिवसांनी बाबांना विमानाने भावाकडे बंगळुरूला न्यायचंय. बायोप्सी करावी की नाही?

ताई, मी गेली बावीस वर्षं मुंबईत हेच काम करतोय. सीटीवर बघत बघत फुप्फुसातल्या गाठीपर्यंत सुई न्यायची आणि तुकडा काढून आणायचा. तुमच्या बाबांच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून माझं मत असं: बायोप्सी करावी. संमतीपत्रावरचा आकडा खरा आहे, पण तुम्ही त्याचा जो अर्थ घेतलात तो बरोबर नाही. सुईमुळे फुप्फुसाबाहेर थोडी हवा शिरणं ही आमच्याकडे ओळखीची गोष्ट आहे. ती वेळेत कुणाच्या लक्षात आली नाही तर मात्र प्रसंग ओढवतो. म्हणून तुम्ही सगळी काळजी तिथे लावा.

आधी आत काय होतं ते समजून घ्या. फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं, तसंच छातीच्या भिंतीला आतून दुसरं असतं. दोन्हींच्या मध्ये चमचाभर ओलावा, बाकी काही नाही. स्टीलच्या दोन ओल्या ताटल्या एकमेकांना कशा चिकटून बसतात आठवा, तसं फुप्फुस छातीला धरून असतं. फुप्फुस स्वतः रबरासारखं आहे, त्याला सतत आकसायचं असतं, आणि ही पकड त्याला उघडं ठेवते. सुईने फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडलं आणि तिथून थोडी हवा या दोन थरांमध्ये शिरली की तेवढ्यापुरती पकड सुटते आणि फुप्फुस छातीपासून थोडं मागे सरतं. यालाच न्यूमोथोरॅक्स म्हणतात. ‘लंग कोलॅप्स’ म्हटलं की फुगा फुटल्यासारखं सगळं फुप्फुस एकदम गोळा झालं असं डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा सीटीच्या पडद्यावर मला छातीची भिंत आणि फुप्फुस यांच्यामध्ये नखाच्या कडेएवढी काळी कोर दिसते. रुग्णाला पत्ताही नसतो. तो पालथा पडून विचारत असतो, ‘डॉक्टर, झालं का?’

आता आकडे. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक हिशेब मांडला गेला. जाड सुईने तुकडा काढतात त्या कोर बायोप्सीत सुमारे २५ टक्के रुग्णांना न्यूमोथोरॅक्स झालेला दिसला, बारीक सुईने पेशी ओढून घेतात त्या तपासणीत सुमारे १९ टक्के. तुमच्या संमतीपत्रावरचं ‘चारात एक’ इथलंच. पण त्याच हिशेबात ती हवा काढायला छातीत नळी घालण्यासारखा उपाय करावा लागलेले होते अनुक्रमे ५.६ टक्के आणि ४.३ टक्के. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेतल्या चार राज्यांतल्या १५ हजारांहून जास्त बायोप्सींचा आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात न्यूमोथोरॅक्स १५ टक्के आणि नळी ६.६ टक्के. म्हणजे हवा शिरलेल्या बहुतेकांना काहीही करावं लागत नाही. झोपून राहायचं, नाकाला ऑक्सिजन लावायचा, पुन्हा एक्स-रे काढायचा आणि घरी जायचं. संमतीपत्रावर आम्ही दोन्ही आकडे लिहायला हवेत असं माझं ठाम मत आहे. नुसता पहिला लिहिला की लोक घाबरतात, आणि घाबरून तपासणी टाळली तर त्याची किंमत कधीकधी फार मोठी असते.

पण मी तुम्हाला नुसता दिलासा देऊन सोडणार नाही. तुमचे बाबा सरासरी रुग्णापेक्षा थोड्या जास्त जोखमीत आहेत. कारण एम्फिसीमा. वर्षानुवर्षं धूर गेला की फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती झिजतात, एकमेकींत मिसळून मोठ्या पोकळ्या होतात. नव्या कापडातून सुई काढली की धागे जवळ येतात आणि भोक मिटतं. धुऊन धुऊन विरलेल्या धोतरात तीच सुई टोचली तर भोक तसंच राहतं. एम्फिसीमाच्या फुप्फुसाचं तेच होतं. हवा जास्त वेळ झिरपते आणि नळी लागण्याची शक्यता वाढते. शिवाय अशा माणसाकडे श्वासाची शिल्लक मुळातच कमी असते. निरोगी माणूस पाव फुप्फुस आकसलं तरी जिना चढेल, एम्फिसीमाच्या रुग्णाला तेवढ्यानेच धाप लागते. २०११ च्या त्या आढाव्यातही साठ ते एकोणसत्तर वयाचे, धूम्रपान करणारे आणि सीओपीडी (एम्फिसीमा ज्यात मोडतो तो श्वासाचा जुनाट आजार) असलेले यांच्यातच गुंतागुंत जास्त दिसली होती.

बाबांच्या बाजूने काय आहे तेही पाहू. एम्फिसीमा बिडी-सिगारेटमुळे झालेला असला तर तो सहसा फुप्फुसाच्या वरच्या भागात जास्त असतो, आणि गाठ खालच्या भागात आहे. सुई जिथून जाणार तिथलं फुप्फुस बरं असेल तर धोका बराच खाली येतो. गाठ पृष्ठभागापासून किती आत आहे हेही बघावं लागेल. फुप्फुसातून सुईला जितकं कमी अंतर कापावं लागेल तितकं चांगलं. गाठ छातीच्या भिंतीला टेकलेली असेल तर हवेशीर फुप्फुस ओलांडावंच लागत नाही आणि धोका फार थोडा उरतो. याउलट गाठ लहान आणि खोल असली, वाटेत फुप्फुसाच्या दोन पाळ्यांमधली, म्हणजे दोन भागांमधली, फट आली, तर एकाऐवजी तीन वेळा आवरण भेदलं जातं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: सुई किती सेंटिमीटर फुप्फुसातून जाणार? वाटेत फट किंवा हवेची मोठी पोकळी येतेय का? चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही, पडद्यावर बोट ठेवून दाखवतो.

‘पण करायचीच कशाला, थांबून बघू या’ असं कुणीतरी म्हणेल. म्हणून गाठीच्या वाढीकडे नीट बघा. ११ ची १४ झाली, तीनच मिलिमीटर, असं वाटतं. पण गाठ गोळ्यासारखी असते, आणि गोळ्याचा व्यास पावपट वाढला की त्याचं आकारमान जवळपास दुप्पट होतं. म्हणजे बाबांची गाठ तीन महिन्यांत दुप्पट झालीय. कॅन्सरच्या गाठी अशा वेगाने वाढू शकतात, आणि टीबीच्या गाठीही. आपल्या मुंबईत हा दुसरा पर्याय कधीच विसरता येत नाही. पेट स्कॅन केला तरी टीबीची गाठ कॅन्सरसारखीच उजळू शकते, त्यामुळे त्याच्यावर विसंबून थेट कॅन्सरचे उपचार सुरू करणं किंवा एखाद्याची फुप्फुसाची पाळी काढून टाकणं मला पटत नाही. तसंच तुकडा न बघता अंदाजाने सहा महिने टीबीच्या गोळ्या देऊन बघणंही पटत नाही. कॅन्सर निघाला तर ते सहा महिने परत मिळत नाहीत.

इथे एक गोष्ट लिहून ठेवा, कारण हे बऱ्याच ठिकाणी राहून जातं. काढलेला तुकडा सहसा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात. पॅथॉलॉजीला तेच लागतं. पण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे त्या तुकड्यावर टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, होऊ शकत नाही. म्हणून एक तुकडा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा ठेवून जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरला पाठवायचा असतो. आदल्या दिवशीच विचारा, ‘एक तुकडा सलाइनमध्ये जाणार ना?’ पुन्हा सुई लावायची वेळ येऊ नये यासाठी हा एक प्रश्न पुरेसा आहे. जाड सुईची कोर बायोप्सी मी पसंत करतो तीही याचसाठी. न्यूमोथोरॅक्सचा धोका बारीक सुईपेक्षा थोडा जास्त आहे, मान्य. पण कॅन्सर निघाला तर नुसतं ‘कॅन्सर आहे’ एवढं कळून आज भागत नाही. गाठीच्या जनुकांमधले बदल शोधणाऱ्या ईजीएफआर, एएलके अशा तपासण्यांना भरपूर ऊतक लागतं. आपल्याकडच्या ॲडिनोकार्सिनोमात, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एका प्रकारात, चारातल्या सुमारे एका रुग्णात ईजीएफआरचा बदल सापडतो, आणि त्यांच्यासाठी गोळ्यांचे उपचार उपलब्ध आहेत.

प्रत्यक्ष टेबलावर काय होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण बाबांना आधी माहीत असलं तर त्यांच्या सहकार्यानेच धोका कमी होतो. गाठ खालच्या पाळीत मागच्या बाजूला असेल तर त्यांना पालथं झोपवतील. पाठीवर पट्ट्यांची जाळी चिकटवून सीटी काढतात, म्हणजे पडद्यावरची जागा पाठीवर नेमकी कुठे येते ते कळतं. मग आयोडिनने पाठ पुसायची, थंड लागतं. भुलीचं इंजेक्शन देताना आगआग होते, दहा सेकंदांत थांबते. फुप्फुसाला स्वतःला दुखत नाही, पण बाहेरचं आवरण फार हळवं असतं, म्हणून भूल थेट तिथपर्यंत पोचवतो. सुई नेहमी बरगडीच्या वरच्या कडेवरून आत जाते, कारण रक्तवाहिनी आणि नस बरगडीच्या खालच्या कडेने जातात. आवरणाच्या अलीकडे मी थांबतो आणि पुन्हा सीटी बघतो. दिशा जुळली याची खात्री झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग बाबांना सांगितलं जाईल: श्वास घ्या, सोडा, थांबा. त्या थांबलेल्या क्षणात एकाच सरळ हालचालीने आवरण ओलांडायचं. हाताला अगदी बारीक ‘टप’ जाणवतं. अर्ध्यात घुटमळायचं नाही, कारण आवरणात टेकलेली सुई आणि खालीवर होणारं फुप्फुस यांत आवरण फाटतं.

आम्ही दुहेरी सुई वापरतो. बाहेरची एकदाच आत जाते आणि गाठीच्या तोंडाशी थांबते. तिच्या पोटातून आतली सुई पुन्हा पुन्हा जाऊन तुकडे आणते. म्हणजे चार तुकडे घेतले तरी आवरणाला भोक एकच. आतल्या सुईला स्प्रिंग असते, ती सुटताना मोठ्याने ‘खट्’ असा आवाज होतो. मी प्रत्येकाला तो आवाज आधी हवेत वाजवून ऐकवतो. पूर्वी ऐकवत नसे. मग एक आजी टेबलावर दचकल्या, सुई आत असताना. तेव्हापासून हा नेम मोडलेला नाही. निघालेला तुकडा शेवईच्या तुकड्याएवढा असतो, एक-दीड सेंटिमीटर लांब.

श्वासाची तयारी घरी करता येते. फार मोठा श्वास घ्यायचा नाही. रोजच्यासारखा साधा श्वास घ्यायचा, साधा सोडायचा आणि दहा-पंधरा सेकंद थांबायचं. महत्त्वाचं हे की प्रत्येक वेळी तेवढाच. फुप्फुसाचा खालचा भाग श्वासागणिक दोन सेंटिमीटरसुद्धा खालीवर होतो आणि गाठ आहे १४ मिलिमीटरची, म्हणजे एका वेळचा श्वास मोठा आणि दुसऱ्या वेळचा छोटा झाला की गाठ सुईच्या वाटेतून निसटते. बाबांना आठवडाभर रोज अर्धा तास पालथं झोपवून हे करायला लावा. ड्रायव्हर माणूस आहेत, शिस्त अंगात असेल. मान अवघडत असेल, खोकला आवरत नसेल, तर आधीच सांगा, उशी आणि खोकल्याचं औषध यांची सोय होते. सुई आत असताना खोकला येतोय असं वाटलं तर अंग न हलवता ‘खोकला’ एवढा शब्द बोलायचा, हे आमचं रुग्णांशी ठरलेलं असतं.

क्लोपिडोग्रेलबद्दल: साधारण पाच दिवस आधी थांबवतात, पण स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. स्टेंटच्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा संबंध न्यूमोथोरॅक्सशी नाही, रक्तस्रावाशी आहे. बायोप्सीनंतर शंभरातल्या चार-पाच जणांना खोकल्यातून थोडं रक्त पडतं, बहुतेकांचं थोड्या वेळात आपोआप थांबतं.

काकांना सांगा, सुईच्या वाटेने गाठ पसरणं हजारात एकापेक्षाही कमी वेळा घडतं. या भीतीपायी लोकांनी वर्ष वर्ष घालवलेलं मी पाहिलंय.

आता हवा शिरलीच तर काय करतो. सुई अजून आतच असताना काळी कोर दिसली तर बाहेरची सुई थोडी मागे घेऊन त्याच वाटेने मोठ्या सिरिंजने हवा ओढून काढतो. पालथ्या रुग्णात हवा वर, म्हणजे पाठीकडेच जमते, सुईच्या अगदी पुढ्यात. पुष्कळदा तिथेच प्रश्न मिटतो. सुई बाहेर काढताना काहीजण रुग्णाचंच थोडं रक्त त्या वाटेत सोडत येतात, ते गोठून भोक बुजवतं. काही जण सलाइन सोडतात. सुई निघाल्याबरोबर रुग्णाला टोचलेल्या बाजूवर झोपवायचं, म्हणजे बाबांना पालथ्याचं लगेच उताणं करायचं. त्या बाजूचं फुप्फुस शरीराच्या वजनाखाली दबतं, भोक मिटायला मदत होते. हे कुठल्याही यंत्राविना होतं. म्हणून स्ट्रेचर आणि दोन माणसं आधीच शेजारी उभी असावीत. स्ट्रेचर येईपर्यंत रुग्णाला उठवून बसवू नये. त्यानंतर निदान दोन तास त्याच बाजूवर, कमी बोलणं, जोर न करणं. बाबांना गप्पा आवडत असतील तर त्या दोन तासांपुरतं तुम्ही बोला, त्यांनी ऐकावं.

ती काळी कोर वाढत गेली किंवा धाप लागली तर नळी. लोकांना नळी म्हणजे मोठं ऑपरेशन वाटतं. हल्ली बहुतेकदा पिगटेल नावाची बारीक नळी पुरते. जागेवर भूल देऊन बरगड्यांमधून घालतात, दुसरं टोक पाण्याच्या बाटलीला किंवा एका दिशेने उघडणाऱ्या झडपेला. हवा बाहेर पडते, आत येत नाही. बाटलीत बुडबुडे येतात, ते थांबले आणि एक्स-रेवर फुप्फुस छातीला परत चिकटलेलं दिसलं की नळी निघते. साधारण एक ते तीन दिवस. एम्फिसीमा असेल तर दिवस वाढू शकतात, तशी मनाची आणि सुट्टीची तयारी ठेवा. लहान न्यूमोथोरॅक्स नळीविना बरा होतो, शरीर ती हवा शोषून घेतं, पण सावकाश, रोज छातीच्या त्या बाजूच्या जागेच्या एक-सव्वा टक्का. ऑक्सिजन लावला की हा वेग तीन-चार पट होतो, म्हणून श्वास ठीक असतानाही मास्क लावतात. मास्क दिसला म्हणून घाबरून जाऊ नका.

आता माझ्या हातून राहून गेलेली एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्यासाठी तीच सगळ्यात कामाची आहे. मी नवीन असतानाची. पन्नाशीच्या एका गृहस्थांची बायोप्सी केली, छान झाली. दोन तासांनी एक्स-रे स्वच्छ. मी म्हटलं, जा घरी. ते राहायचे विरारला. संध्याकाळी साडेसहाची लोकल, दादरला लोटालोटीत चढले, एक हात वर कडीला, दुसऱ्या हातात फाइल आणि पिशवी. उजवीकडे जरा बोचत होतं, पण सुई टोचलेली म्हणून बोचत असेल असं त्यांनी धरून चालवलं. रात्री अकराला त्यांना आडवं होता येईना. जवळच्या नर्सिंग होममधल्या डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोप लावला, उजवीकडे श्वासाचा आवाजच नाही. त्याने एक्स-रे काढला, नळी घातली, आणि माणूस वाचला. चार दिवसांनी घरी गेले. गाठ टीबीची निघाली आणि औषधांनी बरी झाली. दोन तासांनंतरही हवा शिरू शकते हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण तुम्ही राहता कुठे, एवढं मी त्यांना विचारलं नव्हतं. काय झालं तर कुणाला फोन करायचा, हे लिहिलेला कागदही दिला नव्हता.

तेव्हापासून मी रुग्णाला नावानंतर पहिला प्रश्न विचारतो, राहता कुठे. बहुतेक न्यूमोथोरॅक्स सुई लावतानाच किंवा पहिल्या तासात दिसतात, पण थोडे नंतर उगवतात, काही तर दुसऱ्या दिवशी. म्हणून माझ्याकडे एक तासाने एक्स-रे, मग चार तासांनी आणखी एक. रुग्ण एम्फिसीमाचा असेल, एकटा राहत असेल किंवा लांब राहत असेल, तर रात्रभर रुग्णालयातच. तुमच्या बाबांच्या बाबतीत तीनपैकी दोन गोष्टी लागू आहेत. बायोप्सी सकाळी पहिली घ्यायला सांगा, म्हणजे चार तासांचा एक्स-रे सगळे डॉक्टर हजर असताना निघेल. आणि आधीच विचारा: रात्री नळी घालायची वेळ आली तर ती घालणारा माणूस इथे असतो का? याचं उत्तर गुळमुळीत आलं तर मी जागा बदलेन.

एक पर्याय तुम्हाला कुणी सांगितला नसेल तर मी सांगतो. नेव्हिगेशन ब्रॉन्कोस्कोपीत दुर्बीण श्वासनळीतून आत जाते आणि नकाशाच्या आधारे गाठीपर्यंत पोचते. बाहेरून आवरण भेदायचंच नसतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेरिटास या अमेरिकी चाचणीत १० ते ३० मिलिमीटरच्या गाठींसाठी या दोन पद्धतींची तुलना झाली. निदानाची अचूकता ब्रॉन्कोस्कोपीत ७९ टक्के, सुईत ७३.६ टक्के, म्हणजे ती सुईपेक्षा कमी पडली नाही. न्यूमोथोरॅक्स मात्र ३.३ टक्के विरुद्ध २८.३ टक्के. फरक मोठा आहे आणि स्वतः सुईवाला असूनही मी तो माझ्या रुग्णांपासून लपवत नाही. बाबांना एम्फिसीमा आहे, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी खरोखर विचारण्यासारखा आहे. पण तीन गोष्टी बघाव्या लागतील. ही यंत्रणा आपल्याकडे मोजक्या ठिकाणी आहे आणि खर्च बराच जास्त. सहसा पूर्ण भूल लागते, बाबांचं हृदय बघून भूलतज्ज्ञाने हो म्हणायला हवं. आणि गाठीपर्यंत जाणारी श्वासनळीची फांदी सीटीवर दिसायला हवी. गाठ छातीच्या भिंतीलगत असेल तर मी सुईच निवडेन. चार-पाच सेंटिमीटर आत असेल आणि वाटेत विरलेलं फुप्फुस असेल, तर परवडत असल्यास फुप्फुसतज्ज्ञांकडे ब्रॉन्कोस्कोपीचं मत घ्या. आठवडाभराने काही बिघडत नाही, पण दोन महिने नकोत.

विमानाचं. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितका कमी होऊ शकतो. छातीत अडकलेली हवा तिथे सुमारे तिसरा हिस्सा फुगते, आणि तिथे नळी घालायला कुणी नसतं. न्यूमोथोरॅक्स झाला तर एक्स-रेवर तो पूर्ण गेल्याचं दिसल्यावर आणखी निदान एक आठवडा विमान नको. पंधरा दिवसांचा हिशेब त्यात बसेलच असं नाही, म्हणून आत्ताच तिकिटाची तारीख पुढे ढकला किंवा उद्यान एक्स्प्रेसचं बुकिंग करा. रेल्वेला हा प्रश्न येत नाही. पण जड बॅगा बाबांनी उचलायच्या नाहीत, पहिला आठवडा पाण्याची बादलीसुद्धा नाही.

आणि घरी आल्यावर काय बघायचं. टोचलेल्या जागी हात लावल्यावर दुखणं चालेल. पण खोल श्वास घेताना त्या बाजूला किंवा त्याच बाजूच्या खांद्यावर कळ येणं, बोलताना वाक्य मध्येच तोडावं लागणं, आडवं झोपवेनासं होणं, हे दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. ओठ निळसर, घाम, नाडी खूप जलद, असं असेल तर १०८ ला फोन करा आणि जो पहिला डॉक्टर भेटेल त्याला एकच वाक्य सांगा: ‘आज उजव्या फुप्फुसाची सुईने बायोप्सी झालीय.’ ते वाक्य त्याला शोधायला लागणारी वीस मिनिटं वाचवतं. अशा वेळी आत साठणारी हवा हृदयालाच ढकलत असते, आणि एक्स-रेचीही वाट न पाहता सुई लावून ती सोडावी लागते.

बाबांना हे सगळं तुम्ही सांगा, पण ‘काही झालं तर’ असं म्हणून सांगू नका. आमच्या पिढीतली माणसं मुलांना त्रास नको म्हणून दुखणं गिळतात. त्यांना सांगा, जरा बोचलं तरी सांगणं हे त्यांचं कामच आहे, गाडीचा ब्रेक सैल लागला की डेपोत लिहून द्यायचे तसं. रुग्णालयाने रात्रभर ठेवून घेतलं तर उत्तमच. सोडलं तर त्या संध्याकाळी बदलापूरची लोकल नको. टॅक्सीने दादरला आत्याकडे जा, जिना असेल तर सावकाश चढवा, डिस्चार्जचा कागद आणि वॉर्डाचा फोन नंबर उशाशी ठेवा, आणि ती रात्र तुम्ही त्यांच्याच खोलीत झोपा.